माळ्यावरचा कॉम्प्युटर गावच्या शाळेला द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधल्या एका ताईंची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे आणि महिन्याभरात फ्लॅट रिकामा करायचाय. माळ्यावरून निघालेला ऐवज: 2012 च्या सुमाराचा डेस्कटॉप, 2017 चा लॅपटॉप, 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, यूपीएस, पाच जुने मोबाईल (त्यातल्या एकाची बॅटरी फुगलेली), मिक्सर, पोतंभर वायरी आणि सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. भंगारवाला सगळ्याचे मिळून 900 रुपये द्यायला तयार आहे. सासरे म्हणतात, भंगारात कशाला घालता, जुन्नरकडच्या आपल्या गावच्या शाळेला देऊन टाकू. ताईंनी विचारलंय, यातलं बरोबर काय?

ताई, 900 रुपये घेऊ नका आणि गावाला टेंपोही पाठवू नका. निदान लगेच तरी नको.

मी पंचवीस वर्षं पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे. सुरुवात तपकीर गल्लीतून पार्ट आणून डबे, म्हणजे कॉम्प्युटर, असेंबल करण्यापासून झाली. पुढे धंद्याच्या जोडीने ऑफिसांचे आणि घरांचे जुने कॉम्प्युटर नीट करून शाळांना, अभ्यासिकांना द्यायचं काम अंगावर आलं, ते अजून चालू आहे. त्यामुळे 'दान' म्हटलं की माझ्या कपाळावर आधी आठी पडते. का, ते सांगतो.

2009 साली मी हौसेने दहा कॉम्प्युटर एका आडगावच्या शाळेला नेऊन दिले होते. नारळ फुटला, हार घातले गेले, पोरांनी स्वागतगीत म्हटलं. दीड वर्षाने त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेलो म्हणून डोकावलो, तर खोलीला कुलूप. ज्या गुरुजींना सगळं समजावून दिलं होतं त्यांची बदली झाली होती आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला होता. किल्ली सापडायला तासभर लागला. आत ताडपत्रीखाली उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, एका डब्यात पालीची अंडी. चार एसएमपीएस, म्हणजे डब्यातले वीज पुरवणारे भाग, पहिल्याच पावसाळ्यात विजेच्या चढउताराने उडालेले. तीन मॉनिटर शाळेमागच्या ओढ्यात पडले होते, काच फुटलेली, ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी कुणीतरी काढून नेलेली. म्हणजे पुण्याचा कचरा मी पदरचं भाडं भरून गावात नेऊन टाकला होता, आणि वर हार घालून घेतला होता.

चूक शाळेची नव्हती. पुण्यात बंद पडलेली वस्तू नेणारा माणूस सापडतो, दुरुस्त करणारा सापडतो, अगदीच गेली तर रीतसर तोडणारा कारखानाही सापडतो. गावात यातलं काहीच नसतं. तिथे वस्तू बंद पडली की एकतर कोपऱ्यात धूळ खाते नाहीतर ओढ्याकाठी जळते. म्हणून मी आता एवढंच बघतो: ही वस्तू तिथे बिघडली तर तालुक्याच्या गावात दुरुस्त होईल का, आणि नाही झाली तर मी ती परत आणीन का? दोन्हीला 'नाही' असेल तर ती पुण्यातच संपवायची.

आता तुमच्या ढिगाकडे येऊ.

लॅपटॉप हा त्यातला सगळ्यात कामाचा. 2017 चा म्हणजे बहुधा सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असणार. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली उतरत नाही, म्हणून सध्या अशा लॅपटॉपांचा ढीग माझ्या दुकानात येतोय. 'हा आउटडेटेड झाला' असं लोक सांगतात. यंत्राला काहीही झालेलं नसतं. हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवा, रॅम 8 जीबी करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम घाला. चार जणांच्या हॉटेलच्या बिलाइतक्या खर्चात तो पुढची चार-पाच वर्षं काम करतो. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक येतो, पत्रं-तक्ते करायला लिबरऑफिस येतं, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ सहज उघडतात. शाळेला याहून जास्त काही लागत नाही. लॅपटॉपचा आणखी एक फायदा असा की बॅटरी थोडी जरी धरत असेल तरी वीज गेल्यावर तो एकदम आडवा होत नाही.

2012 चा डेस्कटॉप मात्र उघडून बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. फोनवर 'चालू होता हो, चार वर्षांपूर्वी' असं सांगणारे खूप भेटतात. माळ्यावर चार वर्षं पडलेला डबा थेट प्लगला लावू नका. आधी बाजूचं झाकण काढा, हवा मारा, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर फिरवा, परत घट्ट बसवा. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आलेल्या डब्यांपैकी बरेचसे माझ्याकडे एवढ्यावरच उठून बसतात. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032 नावाचा, तो बदला. हा सेल गेला की दरवेळी चालू केल्यावर तारीख कुठल्या कुठे मागे जाते, मग प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवते आणि शिक्षक म्हणतात नेट खराब आहे. दहा-वीस रुपयांच्या सेलपायी अख्खा कॉम्प्युटर कपाटात गेलेला मी पाहिलाय.

चालू झाला तर रात्रभर मेमरी टेस्ट लावायची, हार्डडिस्कचं आरोग्य बघायचं. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, वाढत असतील तर ती डिस्क दानाच्या यंत्रात नाही, म्हणजे नाही. आणि मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची, म्हणजे छोट्या उभ्या नळकांड्यांची, डोकी बघा. ती सपाट हवीत. पुरीसारखी फुगली असतील किंवा तपकिरी चीक बाहेर आला असेल तर त्या बोर्डावर दानाचं पुण्य मिळणार नाही.

शाळेत बसवताना एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात, ती म्हणजे अर्थिंग. गावाकडच्या बऱ्याच खोल्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मग एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे डब्याच्या पत्र्यावर थोडा करंट येतो. अनवाणी पोराने हात लावला की झिणझिण्या. पोर घाबरतं, घरी सांगतं, दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरची खोली बंद. म्हणून आधी वायरमनला घेऊन जा, अर्थिंग करून घ्या, मग यंत्र न्या. आणि पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. यावर मला शहाणे लोक हसतात. त्या यंत्रात लपवण्यासारखं काहीच नसतं, हसू देत.

सासऱ्यांना माझा निरोप द्या: शाळेत फोन करून मुख्याध्यापकांना 'कॉम्प्युटर देऊ का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. 'आत्ता तुमच्याकडे किती आहेत आणि त्यातले चालू किती?' असं विचारा. आठ आहेत, चालू दोन, असं उत्तर आलं तर तुमचा नववा नेण्याऐवजी एक रविवार तिथे जाऊन बंद सहातले तीन चालू करून द्या. तुमच्या डेस्कटॉपची रॅम आणि एसएमपीएस त्याच कामी येतील. माझ्या मते हे जास्त मोठं दान आहे, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

देण्याआधी डेटा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी पार्टसाठी म्हणून जुन्या बाजारातून दहा-बारा हार्डडिस्क वजनावर उचलल्या. जुना बाजार म्हणजे आपला बुधवार-रविवारचा. दुकानात आणून एकेक लावून बघितली तर एका डिस्कवर कुणा कर सल्लागाराच्या अशिलांची विवरणपत्रं, पॅन कार्डांचे स्कॅन, सह्यांचे नमुने. दुसरीवर एका कुटुंबाचे सगळे फोटो, बाळाच्या बारशापासून. दोन्ही डिस्क 'फॉरमॅट मारलेल्या' होत्या. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाटते, पुस्तकाची पानं तशीच राहतात. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती अर्ध्या तासात वाचता येतात. मी त्या डिस्क पुसल्या, पण माझ्याआधी त्या कुणी पाहिल्या नसतील असं मानायला आधार नाही.

फिरत्या चकतीची जुनी हार्डडिस्क असेल तर तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहिली की पुरतं. सात वेळा, पस्तीस वेळा पुसायचे सल्ले जुन्या काळातले आहेत, त्यात वेळ घालवू नका. विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट दिलात तरी तो शून्यं लिहीतच जातो. 500 जीबीला दोन-तीन तास लागतात, तेवढ्यात तुमची भांडी बांधून होतील. एसएसडीला मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही, कारण ती आपल्या मर्जीने डेटा इकडेतिकडे हलवत असते. तिला तिचा 'सिक्युअर इरेज' नावाचा आदेश द्यावा लागतो. बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा थेट बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तो सापडतो.

डिस्क चालतच नसेल तर फोडायची. साडेतीन इंची डिस्कला ड्रिलने आरपार तीन-चार भोकं पाडली की झालं. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बऱ्याचदा काचेची असते, ती खळ्ळकन फुटून तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि डिस्कवर जाड फडकं हवं. उघडता आली तर आतले दोन लोहचुंबक काढून मुलांना द्या. इतके जोरकस चुंबक बाजारात सुटे घ्यायला गेलात तर बरे पैसे पडतील. फक्त दोन चुंबकांच्या मध्ये बोट सापडू देऊ नका, माझं नख काळंनिळं झालं होतं.

मोबाईलचं उलटं आहे. तिथे लोक घाईने रीसेट मारतात आणि गूगल खातं आधी काढायला विसरतात. मग फोन ज्याला दिला त्याच्याकडे तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. चांगला फोन केवळ या कुलपापायी भंगारात जातो. क्रम असा: खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट, मग सिम आणि मेमरी कार्ड. कार्ड तर दर तिसऱ्या फोनमध्ये राहिलेलं असतं.

फुगलेल्या बॅटरीचा फोन आजच बाकीच्यांपासून वेगळा करा. चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, सुई टोचून 'हवा काढायची' तर मुळीच नाही. लिथियमच्या बॅटरीला आतून हवा लागली की ती पेट घेते आणि एकदा पेटली की लवकर विझत नाही. मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, गॅलरीत, पडद्यांपासून लांब. संकलन केंद्रावर देताना तोंडी सांगा की ही फुगलेली आहे. पोत्यात तळाशी घालून देऊ नका.

यूपीएसमधली बॅटरी शिशाची असते. ती वेगळी काढून बॅटरीच्या दुकानात द्या, जुन्यावर काही पैसे वजा होतात. बॅटरीसाठी 2022 पासून स्वतंत्र नियम आहेत आणि विक्रेते त्या परत घेतातच. मिक्सर दुरुस्त होतो. बहुतेक वेळा कार्बन ब्रश किंवा खालचा कपलर गेलेला असतो, तो बदला आणि कामवाल्या मावशींना हवा असेल तर विचारा. 'घेऊन जा' म्हणू नका, विचारा.

आता तो टीव्ही. तो कुणालाच द्यायचा नाही. गावालाही नाही, शाळेलाही नाही, वॉचमनलाही नाही. पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाने वीस टक्क्यांहून जास्त लेड ऑक्साइड असतं. आतून येणारे क्ष-किरण अडवायला ते घातलेलं असतं. ट्यूब अखंड आहे तोवर त्या शिशाचा तुम्हाला काही त्रास नाही. पण भंगारवाल्याला हवं असतं मानेवरचं तांबं. ते काढायला तो मान मोडतो, आतली चमकीची पूड हवेत उडते आणि उरलेली काच कचराकुंडीत जाते. टीव्ही उघडायचा मोह तुम्हालाही नको. ट्यूबच्या टोपीवर वीसेक हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तो आहे तसा, बंद डब्यात, नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा.

पण खरं सांगायचं तर टीव्ही घ्यायला रिसायकलरही खूश नसतो. 2 नोव्हेंबर 2022 ला निघालेले आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर जबाबदारी टाकतात. 2016 च्या नियमांत 21 प्रकारच्या वस्तू होत्या, आता 106 आहेत, त्यात मिक्सरापासून खेळण्यांपर्यंत सगळं येतं. कंपन्यांनी रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन आपला वाटा पूर्ण करायचा, अशी रचना आहे. ही प्रमाणपत्रं निघतात ती मुख्यतः सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड किती परत मिळवलं यावर. शिशाच्या काचेचं कौतुक कुणालाच नाही. म्हणून काही जण टीव्ही नेण्याचे उलटे पैसे मागतात. मागितले तर द्या, असं मी म्हणेन. लोकांना ते पटत नाही. जिथे 900 मिळत होते तिथे पदरचे 300 द्यायचे, हा हिशेब जिवावर येतो.

तर मग भंगारवाला 900 देतो कसा? तो लबाड नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याच्याकडून माल पुढे जातो तिथे वायरी जाळून तांबं काढतात, बोर्ड शेगडीवर तापवून चिप उपटतात, सोन्यासाठी तेजाबात बुडवतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला हे वर्षानुवर्षं चालत आलंय, ते कुणापासून लपलेलं नाही. तिथे धुराची चिमणी नाही, हातमोजे नाहीत, तेजाब थेट गटारात. हा खर्च वाचतो म्हणून तुम्हाला 900 मिळतात. रीतसर कारखान्याला तो खर्च करावा लागतो, म्हणून तो 900 देऊ शकत नाही. जगभरात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर हाताळला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. बाकीचा कुठे गेला, त्याचं उत्तर बरंचसं या 900 रुपयांत आहे.

तुमच्या भंगारवाल्याला लोखंडी कपाट द्या, रद्दी द्या, पितळेच्या नळ्या द्या. त्याचं पोट त्यावरही चालतं. बोर्ड, ट्यूब, बॅटरी आणि वायरी तेवढ्या देऊ नका.

त्या कुठे द्यायच्या? पुण्यात तुम्ही नशीबवान आहात. कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आणि 'पूर्णम इकोव्हिजन'सारख्या संस्था अधूनमधून संकलन मोहिमा घेतात, त्यांची तारीख आधी बघून ठेवा. स्वतः कुणाला बोलवणार असाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्या कंपनीची नोंदणी तपासा. 'सर्टिफिकेट आहे' म्हणून लॅमिनेट केलेला कागद दाखवणारे पुष्कळ फिरतात. कागदावरची मुदत वाचा आणि नाव जीएसटी बिलावरच्या नावाशी जुळतंय का ते बघा. आणि एका घराच्या तीस किलोसाठी सहसा कुणी टेंपो पाठवत नाही. तुमची तर अख्खी सोसायटीच रिकामी होतेय. सेक्रेटरींना सांगून पार्किंगमध्ये एक कोपरा आखा, पंधरा दिवस मुदत द्या, मग एकदाच बोलवा. चाळीस घरांचा माल असला की टीव्ही न्यायलाही खळखळ करत नाहीत. फक्त त्या कोपऱ्यावर रात्री नजर ठेवायला सांगा, नाहीतर सकाळी टीव्ही असतील आणि त्यांच्या माना नसतील.

राहिला रेडिओ. ताई, तो यादीत का लिहिलात, मला कळलं नाही. व्हॉल्व्हचा रेडिओ कचरा नव्हे, आणि सासरे तो गावाला पाठवा म्हणत नसतील याची मला खात्री आहे. फक्त 'लागतोय का बघू' म्हणून थेट प्लगमध्ये घालू नका. इतकी वर्षं बंद राहिल्यावर आतले जुने कपॅसिटर सुकलेले असतात, एकदम 230 व्होल्ट दिले तर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तो आता मिळत नाही. जुन्या मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे रेडिओच्या वाटेत 60 वॅटचा साधा पिवळा बल्ब. त्यावर लावायचा. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आधी उजळून मग मंद झाला तर थांबा, मिनिटभरात मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह लालसर दिसायला लागतील आणि गरम धुळीचा वास येईल. त्या वेळी सासऱ्यांना शेजारी बसवा आणि स्टेशनचा काटा त्यांनाच फिरवू द्या.